दोणीवरचं फूल

पाऊस ओसरला की आमच्या नागावच्या पुळणीवर वेल पुन्हा चालायला लागते. 'चालते' हा शब्द आमच्याकडचाच. पावसाळ्यात दर्या वाडीच्या कुंपणापर्यंत येऊन जातो, वाळू ओरबाडतो, वेलीचे हातहात लांब तुकडे करून इकडेतिकडे भिरकावतो. वाटतं, यंदा संपली. मग भाद्रपदाची उन्हं पडतात, तेच तुकडे पेरापेराला मुळं सोडून वाळूला धरतात आणि निघतात, परत दर्याच्याच दिशेनं. ज्यानं फेकून दिलं त्याच्याचकडे जायची ही कसली हौस, असं मी दरवर्षी म्हणते. लेक विचारते, "आई, वेलीला बोलतेस की कुणाला?" लेक शाळेत शिकवते, त्यामुळे तिला सगळ्यात अर्थ दिसतो. हे लिहायलाही तिनंच बसवलंय मला.

पुस्तकात हिला मर्यादवेल म्हणतात, हेही तिनंच सांगितलं. आम्ही नुसतं वेल म्हणतो. पान जाडसर, चकचकीत आणि टोकाशी मधोमध चिरलेलं, थेट आपट्याच्या पानाच्या वळणाचं. तोडलं तर पांढरा चीक येतो. पाण्यात काही लागून अंगाची आग झाली तर कोळणी हे पान ठेचून लावतात. म्हातारी माणसं ते तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधतात, मीही बांधते. कोळी ओली जाळी हिच्यावर वाळत घालतात, वाळू चिकटत नाही म्हणून. एवढी कामाची, पण हिला कुणी लावत नाही, पाणी घालत नाही की बघत नाही.

फूल मात्र कुणाच्याच उपयोगाचं नाही. नरसाळ्याच्या आकाराचं, जांभळं म्हणावं तर गुलाबी, आणि आत घशाशी गडद. उजाडता उजाडता उमलतं. ऊन तापलं की मिटू लागतं आणि दुपारी बघाल तर पिळून टाकलेली चिंधी. देवाला काढून ठेवावं तर पूजा होईपर्यंत मान टाकतं. वेणीत घालावं तर वेणी घालायला वेळ मिळेपर्यंत त्याचा जीव गेलेला. त्याच्या ह्या एका खोडीपायी माझा संसार मोडता मोडता राहिला.

मी तळ्याची. तळा हे गडाखालचं गाव, उतारावर भाताची खाचरं, चार पावलांवर डोंगर. मिठाचा कायदा मोडायला माणसं समुद्रावर गेली होती ना, त्याच्या पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. रोह्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे खाडीनं मचवा. मचव्यात बसून मी माझ्या नव्या कोऱ्या लुगड्यावर ओकले. रेवदंड्याला उतरले तेव्हा नवरीला घट्ट धरून उभं करावं लागलं होतं.

पहिल्या सकाळी मी जाऊबाईंना विचारलं, "हा थांबतो कधी?"

"हा म्हंजी कोन?"

"हाच. दर्या."

घर हसलं, मग आळी हसली, मग गाव. पुढे कितीतरी दिवस वाटेत कुणी भेटलं की विचारायचं, "काय गो वयनी, थांबला का?" जन्मभर मी दुसऱ्याला हसत आले, पण मला कुणी हसलेलं मला खपत नाही. तळ्याला रात्री कान दिला तर बेडूक, रातकिडे, गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा, प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू यायचा. इथं एकच आवाज, सगळ्याच्या खाली, अखंड. आईची आठवण आली तर तीसुद्धा त्या आवाजातून गाळून यायची.

घरात माणसं थोडी. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. थोरले दीर मुंबईला गिरणीत, ते गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे. सगळं घर जाऊबाईंच्या हातात, कोठीची चावी त्यांच्या कमरेला. त्यांची दोन पोरं, हे, आणि मी. हे म्हणजे आमच्या घरचे. त्यांचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आता काय घेऊ? माड-पोफळींची वाडी हे बघायचे. माणूस असा, की झाडाशी बोलेल पण झाडाखाली उभ्या असलेल्या बायकोशी नाही. त्यात त्यांचा दोष थोडा. दिवसाउजेडी नवराबायकोनं बोलायची आमच्यात रीतच नव्हती आणि रात्री त्या घरात कूस बदलली तरी पलीकडे कळायचं. लग्नाला सहा महिने होत आले तरी ह्यांनी माझ्याशी बोललेले शब्द मी बोटांवर मोजले असते.

मग पहिला दसरा आला. पूजा झाली, जाऊबाईंनी माझ्या हातावर सोनं ठेवलं, आणि मी बघते तो वेलीचं पान. जाड, हिरवंगार, चिकानं माखलेलं. वाळूत आपटा येत नाही, डोंगर लांब. तेव्हा आमच्या घरात कुणाला आठवेना एवढ्या काळापासून ह्याच पानाचं सोनं वाटत आले होते. मला काय माहीत! आमच्या तळ्याला आपट्यानं डोंगर भरलेला. मला हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना.

"हे काय? हा तर आपटा नाही! ह्याला सोनं म्हणतात?"

त्या घरात मी मोकळेपणी हसले ती पहिलीच वेळ. कुणी माझ्याबरोबर हसलं नाही. जाऊबाईंनी पान माझ्या तळव्यावरून उचलून देवापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं ह्येच सोनं. ज्याला पटत न्हाय त्यानं घेऊ नये." हे दारात उभे होते. तिथूनच वाडीत निघून गेले. तुम्ही मला थट्टेवारी नेलंत ते चालतं आणि मी एकदा हसले तर गुन्हा, असं माझ्या मनात बसलं. माझी मान ताठ, जाऊबाईंची त्याहून ताठ.

मागच्या दारी आमची पाण्याची दगडी दोण आहे, अजून आहे. तिथं भांडी घासायचं काम माझं. सकाळी चूल, मग भाकऱ्या, मग पुरुषांची जेवणं, मग पोरांची, मग आमची. मागच्या दारी जायला मला भरदुपार व्हायची. दसऱ्यानंतर रोज दोणीच्या काठावर काहीतरी पडलेलं दिसायचं. ओलसर, काळपट-जांभळं, बोटभर. मी समजले, पोरांचा उद्योग. एकदोनदा त्यांना धपाटेही दिले. "आमी न्हाय टाकला काकू, दर्याची आन!" पोरं रडत म्हणायची. मी राख आणि नारळाच्या शेंडीबरोबर ते खरवडून टाकून द्यायची. दिवाळी गेली, थंडी गेली, शिमगा झाला, तरी रोज ते हजर आणि रोज माझा हात फिरलेला.

फूल दुपारी कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं, कारण फूल सकाळी कसं दिसतं हेच मी कधी पाहिलं नव्हतं. नवी सून पुळणीवर जाणार कशाला? घरापासून पुळण हाकेच्या अंतरावर. पण चूल आणि पुळण ह्यांच्यामध्ये अख्खी सकाळ होती.

आषाढात रीतीप्रमाणे मी माहेरी निघाले. रेवदंड्याच्या बंदरावर हे पोचवायला आले. मचवा सुटताना म्हणाले, "जपून." मी मनात म्हटलं, झालं, ह्या महिन्याचा शब्द बोलून झाला.

तळ्याला लावणी झाली, बेणणी झाली, गौरी आल्या. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला मी आजारी होते, तेव्हा माझा ओवसा, नव्या सुनेनं गौरीपुढं सुपं ओवाळायचा सोहळा, ह्या वर्षी व्हायचा होता, सासरच्या घरी. मूळ, म्हणजे न्यायचं बोलावणं, येईल म्हणून आईनं सुपं आणून ठेवली होती. कुणी आलं नाही. नेहमी सासरचं कुणीतरी, एखादा दीर, भाचा, गावातलं जाणतं माणूस मुराळी म्हणून यायचं. नवरा स्वतः बायकोला न्यायला येत नाही, ते हलकं समजतात. पण दुसरं कुणीही नाही, निरोपही नाही. शेजारणी आधी विचारायच्या, "कधी जायचं?" मग विचारायच्या थांबल्या, ते जास्त लागलं. आईनं सुपं माळ्यावर टाकली. वडील एवढंच म्हणाले, "न्हाय बोलावलं तर न्हाय. घरात भात हाय."

मला तरी कुठं जायचं होतं! तो दर्या नको, ती दोण नको, ते मुकं घर नको, असं मी येईल त्याला सांगत होते. आणि वाटेवर बैलगाडीचे घुंगरू वाजले की हातातलं काम टाकून अंगणात येत होते. दोन्ही खरं होतं. टाकलेल्या बाईचं पुढं काय होतं ते मी गावात बघितलेलं होतं. पण त्या भीतीच्याही खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते 'जपून' ह्या एका शब्दाशी येऊन थांबत होतं.

आश्विनात हळवी भातं कापायला झाली आणि आक्षीची हिराबाय आली. ही कोळीण. नागावला रोज सकाळी आमच्या मागच्या दारी मासळीची पाटी उतरवायची. वर्षातून एकदा पावसाळ्याआधीची सुकट घेऊन खाडीनं वर यायची आणि गावोगाव सुकट देऊन भात घ्यायची. मला बघून तिनं पाटी दाणकन अंगणात ठेवली.

"गो बाय, तू हय काय करतंस? तुजा दादला तिकरं दोनीवर फुला ठेवून ठेवून दमला!"

"कसली फुलं?"

"वेलीची. दुसरी कसली? रोज फाटेचा पुलनीवर जातंय, एक फूल खुरतंय, दोनीच्या काठावर ठेवतंय. मी रोज बगताव. गेल्या दसऱ्यापासना बगताव. तू हतीस तवा पन ठेवी, आता तू न्हाईस तरी ठेवतंय. एक दिस म्यां इचारला, कोनासाटी रे? तर कानापरत लाल झाला."

माझ्या हातात सूप होतं. पाखडता पाखडता हात तसाच राहिला. ती काळपट चिंधी, रोजची, भरदुपारची, शेंडीनं खरवडलेली. पोरांना दिलेले धपाटे. मला रडू आलं, लाज वाटली आणि सगळ्यात जास्त राग आला. दुपारी मरणारं फूल सकाळी दोणीवर ठेवून गप्प निघून जाणारा हा कसला शहाणा माणूस! सांगायला तोंड नव्हतं का? पाळण्यातल्या पोरालाही कळेल, की चुलीपुढची बाई दोणीपाशी दुपारी येते!

पुढे पुष्कळ वर्षांनी, माझे केस पिकल्यावर, मी ह्यांना विचारलं होतं, एकदा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? पायातला काटा काढता काढता म्हणाले, "तू रोज झारून टाकायचीस. मला वाटला, ह्योच तुजा जबाब." आणि मूळ का नाही पाठवलंत? "जबाब मिलाल्यावर इचारायचा कशाला?" म्हणजे मी तिकडे घुंगरांकडे कान लावून बसलेले, आणि हे इकडे माझ्या झाडूपुढं हात टेकून बसलेले. आता आठवून हसते. तेव्हा हसायचं नव्हतं.

मी सूप खाली ठेवलं आणि वडिलांना म्हटलं, "मला पोचवा."

आई मध्ये पडली. "मूळ आल्याबिगर? न बोलावता पोर दारात नेऊन घालायची? लोक काय म्हनतील, म्हायेरी जड झाली म्हनून आनून सोडली."

आईचं खोटं नव्हतं. न बोलावता गेलेल्या सुनेला सासरी काय मान राहणार? पुन्हा तिथं कुणी म्हणालंच, की ज्याला पटत नाही त्यानं येऊ नये, तर मला परत यायलाही तोंड नव्हतं. वडिलांनी हातातला विळा कुडाला खोचला. मग त्यांनी वळून एवढंच विचारलं, "हिराबाय, भरती-सुकतीचं कसं हाय? मचवा कदी सुटंल?"

निघताना त्यांनी वाटेतल्या टेकाडावर गाडी थांबवली आणि आपट्याची भलीमोठी फांदी तोडून माझ्या मांडीवर ठेवली. "दसऱ्याच्या घरी मोकळ्या हातानं जाऊ नये," म्हणाले. सबंध खाडीभर ती फांदी मी पोरासारखी धरून बसले होते. ओकले नाही, हे विशेष.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हे रहाटापाशी होते. वडिलांना पाहून आले, "परवास नीट झाला?" म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता बैलांसाठी पाणी काढायला गेले. बैल तर भाड्याच्या गाडीचे होते आणि गाडी परत फिरलीही होती. मी थेट मागच्या दारी गेले.

दोणीच्या काठावर सुकलेली फुलं पडली होती. ओळीनं, एकाला एक लागून, कागदासारखी वाळलेली. शेवटचं अजून ओलं होतं.

"त्याला कोन हात लावायचा न्हाय म्हनून सांगितलंय मी," माझ्या मागून जाऊबाई म्हणाल्या. "ज्याचा केर त्यानं काढावा."

मी वळून आपट्याची फांदी पुढं केली आणि पाया पडले. त्यांनी फांदी घेतली, उलटीसुलटी बघितली, देवापुढं नेऊन ठेवली. येताना त्यांच्या हातात वेलीचं पान होतं. मी दोन्ही हात पसरले. त्यांनी पान माझ्या तळव्यावर ठेवलं, मी ते कपाळाला लावलं. कुणीही हसलं नाही आणि कुणीही रागावलं नाही. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "धाकटे, उद्यापासना फाटेचं पानी तू आनायचं."

वडिलांचा चेहरा उतरला. वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ, ते झाडांना. पिण्याचं गोडं पाणी वाडीच्या कुंपणापलीकडच्या विहिरीचं, अगदी पुळणीला लागून, वाळूतून घागर घेऊन यायचं. घरातलं सगळ्यात जड काम. ते आजवर जाऊबाई स्वतः करत आल्या होत्या, कुणाला हात लावू देत नव्हत्या. मी समजले, ही शिक्षा. न बोलावता आलीस, आता भर. मान खाली घालून बरं म्हटलं. वडील सकाळच्या भरतीला परत जायचे होते, त्यांना माझं रडणं दिसू नये म्हणून मी लवकर जाऊन पडले.

पहाटे घागर घेऊन निघाले तेव्हा माडांच्या शेंड्यांत अंधार होता आणि खाली नुसतं करडं. कुंपणाच्या वाटेतली आडव्या बांबूंची बेडी ओलांडली आणि मी जागच्या जागी थांबले. विहिरीपासून पार पाण्याच्या रेषेपर्यंत, जिथं भरतीची ओल संपते त्या काठापर्यंत, सगळी पुळण उमललेली होती. डोळा पोचेल तिथवर फूल. एकही मिटलेलं नाही, एकही चुरगळलेलं नाही. जवळच्या फुलात एक भुंगा पाठमोरा शिरला होता. आणि मधोमध हे, खाली वाकून, एक फूल हातात धरून दुसऱ्याकडे बघत, कुठलं चांगलं ते ठरवत होते.

माझी चाहूल लागली तसे दचकून उभे राहिले. हातातलं फूल लपवायला जागा नव्हती.

"दोनीवर ठेवनार हतो," म्हणाले.

"दुपारी चिंधी होते त्याची," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं. मी केर समजून टाकत होते."

त्यांनी हातातलं फूल उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्यां कवा दुपारचा बगितलाच न्हाय. वाललेली दिसली ती मला रातची वालली वाटली." वाडीत काम करणाऱ्या माणसानं दोणीकडे दुपारी यायचं कशाला? त्यांनी फक्त सकाळ पाहिलेली, मी फक्त दुपार.

मग त्यांनी ते फूल माझ्या अंबाड्यात खोवलं. नीट बसेना, दोनदा पडलं. दर्या पायाशी तसाच वाजत होता. त्या सकाळी मी ह्यांना दर्याबद्दल विचारलं, वेलीबद्दल विचारलं, आणि हा एवढा मुका माणूस बोलत सुटला. पेराला मूळ कसं फुटतं ते वाळू उकरून दाखवलं. खारं पाणी वरून गेलं तरी पान का मरत नाही ते सांगितलं. ऊन माडांच्या खाली उतरलं तेव्हा आम्ही भानावर आलो.

आज हे नाहीत. जाऊबाई तर त्याच्याही आधी गेल्या. त्या गेल्यावर कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की नवरा मुंबईत, घर डोक्यावर, पोरं पदराला, अशा त्या बाईला दिवसभरात एकटीला म्हणून मिळणारी वेळ पहाटेच्या पाण्याएवढीच होती. म्हणून तर ते काम त्या कुणाला देत नव्हत्या. त्यांच्यासाठी कधी कुणी फूल खुडलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नसतं. पण रोज त्या वाटेनं त्याच जात होत्या, तेव्हा ह्यांना वाकलेलं त्यांनी रोज पाहिलं असणार.

त्या सकाळी मी घाईघाईनं परत आले ती अर्धी घागर सांडून. जाऊबाई चुलीपुढं बसल्या होत्या. भाकऱ्या माझ्या वाटणीच्या होत्या, त्या त्यांनीच थापायला घेतल्या होत्या. त्यांनी आधी घागरीकडे पाहिलं, मग माझ्या अंबाड्याकडे, तिथं फूल अजून ताजं होतं.

"एक घागर पान्याला एवढा येळ?" त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. "उद्या जरा आनखी लवकर ऊठ."

मी उठले. अजून उठते.